लेडीजमध्ये दहा नंबर

पुण्यात चपलांच्या दुकानात शिरलं की विक्रेता आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो, मग पायांकडे आणि मग पुन्हा चेहऱ्याकडे. ही दुसरी नजर माझ्या चांगल्या ओळखीची आहे. तिच्यात थोडी कीव असते आणि बरंचसं समाधान असतं, कारण माळ्यावर चढून खोके काढायचे त्याचे कष्ट वाचलेले असतात. "लेडीजमध्ये आठच्या वर येत नाही," एवढं बोलून तो पंख्याखाली परत जाऊन बसतो.

माझा पाय नऊ नंबरचा. उंची पाच फूट अकरा इंच. लग्नाच्या अल्बममध्ये मी सगळीकडे बसलेली आहे आणि नवरा शेजारी उभा आहे. फोटोग्राफरने दुसरा मार्गच ठेवला नव्हता. नवऱ्याला या कशाचं काही वाटत नाही. तो खडकीत एका कारखान्यात नोकरीला आहे, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो, आणि कुणाच्या घरची ट्यूबलाइट बदलायची असली की शेजारी त्याला सोडून मला बोलावतात. तो आनंदाने मला पाठवतो आणि चहाच्या वेळेला मागून स्वतः येतो.

चपलांच्या बाबतीत मात्र माझा आयुष्यभर मुक्काम जेंट्सच्या कपाटापाशी. ऑफिसात, लग्नात, बारशाला, सगळीकडे पुरुषी सँडल. साडी दोन बोटं खाली नेसायची, म्हणजे झाकून जातं. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानदाराने मला विचारलं होतं, "वहिनी, पाय एवढे वाढेपर्यंत करत काय होतात?" मी म्हटलं, "तुमच्या दुकानात उभी होते. कुणी विचारलंच नाही." दुसऱ्या एकाने न बोलता नुसतं पुरुषांच्या विभागाकडे बोट दाखवलं. तिसरा जरा दयाळू होता. तो म्हणाला, "आठ घेऊन टाका. वापरून वापरून सैल होईल." या तिसऱ्याने माझं सगळ्यांत जास्त नुकसान केलं, कारण मी त्याचं ऐकलं. त्याच्यासारख्या बऱ्याच जणांचं ऐकलं. आठ नंबर कधीही सैल झाला नाही, माझी करंगळी तेवढी वाकडी झाली.

आमच्याकडे हे आईपासून चालत आलंय. आई वर्ध्याकडे राहते, वय झालं तरी अजून ताठ आहे. तिला फोनवर म्हटलं, मुलीसाठी सँडल बघतेय, मिळत नाहीयेत. ती म्हणाली, "काऊन वं, एवढ्या मोठ्या पुण्यात चपला नाही भेटत? मी तं जिंदगीभर तुह्या बाच्याच चपला घातल्या. कोणी काही म्हटलं नाही." तिला कोणी काही म्हणेल अशी तिची मुळातच छाप नव्हती, ही गोष्ट वेगळी.

माझी लेक माझ्यावर गेली आणि माझ्याही पुढे गेली. एकोणीस वर्षांची, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. उंची सहा फूट, पाय दहा नंबर. आवाज खणखणीत. शब्द तोंडातून असे स्वच्छ येतात की फोनवर बोलायला लागली तर समोरचा आपणहून नीट बोलायला लागतो. डिसेंबरात तिच्या सरांनी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन तिला दिलं. तीन तास स्टेजवर उभं राहायचं, साडी नेसून. घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "मी नाही म्हणणार आहे."

कारण मला माहीत होतं. आदल्या वर्षी तिने आभारप्रदर्शन केलं होतं. साडीखाली बापाचे काळे बूट घातले होते (त्याची उंची कमी, पण पाय दहाचाच), कारण दुसरं काही नव्हतंच. बोलली छान. पण कुणीतरी नेमका बुटांचा व्हिडिओ काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला, खाली रांगेने हसणारे पिवळे चेहरे. त्या दिवसापासून ती पोक काढून चालायला लागली. सकाळी सहा फुटांची मुलगी घराबाहेर पडायची आणि संध्याकाळी पाच फूट दहा होऊन परत यायची. मला ते बघवत नव्हतं. आणि मी काही बोलूही शकत नव्हते, कारण ती कुणाकडे बघून पोक काढायला शिकली हे मला कळत होतं.

"बाबांचे बूट घालून मी पुन्हा स्टेजवर जाणार नाही, आई. लिटरली नाही," ती म्हणाली. "बायकांच्या सँडल मिळाल्या तर करेन. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरांना सांगायचंय. त्यांच्याकडे दुसरी मुलगी तयार आहे."

म्हणजे माझ्याकडे महिना होता. मी कामाला लागले.

मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक शाखेत आहे. आलेल्या कागदावर आलेला शिक्का मारायचा, गेलेल्यावर गेलेला. दुपारी डबा खाता खाता मी फोनवर शोध सुरू केला. इथल्या सगळ्या साइट आठवर येऊन थांबत होत्या, म्हणजे लक्ष्मी रस्ताच फोनमध्ये आणून ठेवल्यासारखा. मग शोधता शोधता एका इंग्रजी समूहावर जाऊन पडले. उंच, मोठ्या पायांच्या बायकांचा समूह. हॉलंड, ब्राझील, कॅनडा, कुठून कुठून आलेल्या बायका, आणि सगळ्यांचं बोलणं एकच: कुठे काय स्वस्त मिळतंय, आणि आपल्या मापात.

तिथे मला एक गोष्ट कळली आणि माझा घास हातात राहिला. परदेशात सेल संपत आला की दुकानांमध्ये मोठे नंबर उरतात. मधले नंबर आधी जातात, आणि आमचे नंबर मागे राहतात म्हणून त्यांची किंमत पाडतात, वर आणखी पाडतात. एक बाई लिहायची, "अमुक दुकान, बदामी रंग, दहा नंबरचे दोन जोड शिल्लक," आणि पाच मिनिटांत तिला चार देशांतून उत्तरं यायची. जगात कुठेतरी दहा नंबर उरतो, नको झालाय म्हणून स्वस्तात काढतात, हे मला पन्नाशीला आल्यावर समजलं. मी आणि माझी आई आणि माझी लेक, आम्ही तिघी फक्त चुकीच्या दुकानासमोर उभ्या होतो.

मी इतकी रमले की शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "मॅडम, एवढं काय बघताय?"

"पाय."

"कुणाचे?"

"बायकांचे," मी म्हटलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि त्या दिवसापासून ते जेवायला खाली कॅन्टीनमध्ये जातात.

समूहाची मुकादम एक डच बाई. सहा फूट दोन इंच, पाय माझ्या लेकीहून एक नंबर मोठा, पोटापाण्याला शहरातली बस चालवते. तिच्या हाताखाली नियम कडक. पाय कागदावर ठेवायचा, टाच भिंतीला टेकवायची, पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढायची, लांबी सेंटिमीटरमध्ये लिहायची आणि त्याचा फोटो टाकायचा. मापाचा कागद नाही तर दुकानाची लिंक नाही. मला हे फार आवडलं. आमच्या शाखेतही कागदाशिवाय काही हलत नाही.

तिकडची दुकानं थेट भारतात माल पाठवत नाहीत, आणि पाठवला तर पाठवणावळ चपलेहून जड. म्हणून पद्धत अशी की भारतातल्या बायकांच्या ऑर्डरी डच बाईच्या घरी जमायच्या, एक मोठं खोकं भरलं की ते वाघोलीला यायचं. वाघोलीत एक आयटीतली बाई होती, तिशीची, आमच्यातलीच एक, नऊ नंबरवाली. ती खोकं सोडवून घ्यायची आणि जिचं तिला द्यायची. नव्या बायकांनी एकदा तिच्या घरी येऊन भेटायचं असा तिचा शिरस्ता होता. डिसेंबरातल्या एका रविवारी मी गेले.

दार उघडं होतं आणि दाराबाहेर सहा जोड चपला होत्या. सगळ्या जेंट्स. सगळ्या भल्यामोठ्या, तपकिरी, जाड पट्ट्यांच्या. आत सहा बायका सोफ्यावर गुडघे वर करून बसल्या होत्या, कारण सोफाही आठ नंबरवाल्यांसाठीच केलेला असतो. तासभर आम्ही दुकानदारांच्या गोष्टी सांगितल्या. प्रत्येकीला कुणीतरी "वापरून सैल होईल" म्हटलेलं होतं. एकीला तर "पाय बारीक करायचा व्यायाम असतो" असंही म्हटलं होतं. निघताना मी दाराबाहेर चपलांत पाय घातले आणि लिफ्टपाशी पोहोचल्यावर लक्षात आलं की या माझ्या चपला नाहीत. उभ्या आयुष्यात मी चुकून दुसऱ्या बाईच्या चपला कधी घातल्या नव्हत्या. इतर बायकांचं हे देवळात, लग्नात, सारखं होतं. मला इतका आनंद झाला की मी लिफ्टचं बटण दाबायचं विसरले.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे हॉलंडमधल्या एका अनोळखी बाईला तू पैसे पाठवणार."

"बस चालवते ती."

"इथल्या बसवर तुझा विश्वास नाही. दहा मिनिटं झाली की रिक्षा करतेस."

"तिची वेळेवर येत असेल," मी म्हटलं. त्याने खांदे उडवले. त्याचे खांदे माझ्या हनुवटीच्या खाली असतात, त्यामुळे ते उडवलेले नीट दिसतात.

आता जे मी केलं ते लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. सकाळी लेकीला वर्तमानपत्रावर उभं केलं, टाच भिंतीला, पेन्सिल सरळ. टेपने मोजलं. बरोबर अठ्ठावीस सेंटिमीटर. तिनेही वाकून बघितलं आणि आंघोळीला गेली. मी कागद समोर घेऊन बसले, नियमाप्रमाणे त्यावर आकडा लिहायचा होता, आणि माझ्या हातून अठ्ठावीस लिहवेना. मुलीच्या पायाला अठ्ठावीस. मला वाटलं, ती बसवाली बाईसुद्धा दुसऱ्यांदा चेहऱ्याकडे बघेल. मग वाटलं, चामडंच आहे, ताणतं. मग वाटलं, सँडल तर आहे, पुढून उघडी, एखादं बोट जरा बाहेर आलं तर कुणाला दिसतंय. मी एक कोरा कागद घेतला, पहिल्या रेषेच्या आतून दुसरी रेषा काढली, छान गोलाई दिली आणि लिहिलं, साडेसव्वीस. म्हणजे आठ नंबर. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकही बनावट कागद केला नव्हता. पहिला केला तो पोटच्या मुलीच्या पायाचा.

डच बाईने लगेच उत्तर दिलं: मुलगी नशीबवान आहे, या मापात भरपूर मिळेल. मी बदामी रंगाच्या, सपाट, नाजूक पट्ट्याच्या सँडल निवडल्या. सेलमधली किंमत खोक्यातला वाटा धरूनही इथल्या लग्नसराईतल्या चपलांच्या आसपास पडली. लेकीला फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. "या खरंच माझ्या पायात जातील?" तिने विचारलं. मी म्हटलं, "न जायला काय झालं?" त्या आठवड्यात ती जरा सरळ चालत होती. आरशासमोर उभी राहून "रसिकहो" म्हणण्याचा सरावसुद्धा मी दाराआडून ऐकला.

खोकं जानेवारी उजाडता उजाडता आलं. आम्ही दोघी वाघोलीला गेलो. बाकीच्या बायकाही आल्या होत्या, जी ती आपापलं पुडकं उघडून पाय घालून बघत होती, आणि त्या खोलीत मोठ्या पायाच्या बायका अशा हसत होत्या जशा दुकानात कधीच हसत नाहीत. लेकीने कागद बाजूला केला. सँडल फार सुरेख होत्या. तिने पाय घातला. पाऊल पुढे सरकलं, पट्ट्यात अडकलं आणि टाच मागून चांगली इंचभर बाहेर राहिली.

वाघोलीवाली वाकून बघत म्हणाली, "ताई, हा तर आठ नंबर आहे. हिचा पाय सरळसरळ दहा दिसतोय. माप कुणी घेतलं?"

लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "अठ्ठावीस होतं ना आई? मी बघितलं होतं."

खोलीतलं हसणं थांबलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर तोंडातून निघालं, "वापरून सैल होईल."

हे मी बोलले. त्या खोलीत, त्या बायकांसमोर. एकीने हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवला. वाघोलीवाली भली बाई, ती उठून उगाचच बिस्किटं आणायला आत गेली.

परतीच्या वाटेवर रिक्षात लेकीने पुडकं मांडीवर धरलं. घरी आल्यावर पुडकं टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "दुकानदार म्हणतो ते मला कळतं. त्याच्याकडे माल नसतो. तुझ्याकडे काय नव्हतं?"

मला लाज वाटली, आणि ती आठ नंबरच्या सँडलची नव्हती. मी माझ्या मुलीला दुकानदाराच्या मापाला बसवायला निघाले होते, आणि तेही अशा ठिकाणी जिथे दहा नंबर मागितला म्हणून कुणी भुवई उचलली नसती. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने थट्टा केली नाही. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी समूहावर सगळं लिहून टाकलं. दुसरी रेषा, गोलाई, सगळं. वाटलं, आता काढून टाकतील. अर्ध्या तासात ढिगाने उत्तरं आली. ब्राझीलमधली एक बाई अकरा वर्षं स्वतःचा नंबर खोटा सांगत होती. कॅनडातल्या एकीने नोकरीच्या मुलाखतीला इतके घट्ट बूट घातले होते की पगार किती हवा विचारल्यावर तिने पटकन सुटावं म्हणून कमी सांगितला. डच बाईने लिहिलं, "मी माझ्या लग्नात एक नंबर लहान घातला होता. पायाची नखं गेली. नंतर नवराही गेला. नखं परत आली." आणि खाली हुकूम: "आता कागद मुलीला भरू दे. तू फोनला हात लावू नकोस."

मी संध्याकाळी लेकीच्या हातात फोन दिला. तिने तो घेतला आणि म्हणाली, "तू तिकडे बस." मी तिकडे बसले. तिने नवा कागद घातला, स्वतःच भिंतीला टाच लावली, स्वतः वाकून रेषा काढली. मग बराच वेळ त्या बायकांशी बोलत बसली. मधेच हसली. काय चाललंय विचारायची माझी टाप नव्हती.

आता खरी अडचण वेळेची होती. खोक्याला तीन आठवडे लागतात आणि स्नेहसंमेलन अठरा दिवसांवर आलेलं. लेकीने सरांना फोन केला, थोडं थांबा म्हणाली. सर म्हणाले, कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीपर्यंत थांबतो, मग दुसऱ्या मुलीला सांगतो, तिने सगळं पाठ केलंय. ती दुसरी मुलगी पाच फूट दोन इंच होती. तिच्याबद्दल माझ्या मनात काय काय आलं ते मी लिहीत नाही, तिचा काही दोष नव्हता.

पण पुण्याचं एक बरं आहे. जगात कुठेही काही अडलं तर तिथून कुणीतरी ऑनसाइटहून पुण्याला परत येतच असतं. वाघोलीवालीच्या ऑफिसातला एकजण नेमका हॉलंडहून निघणार होता. त्याच्या बॅगा भरून चुकल्या होत्या, बायकोच्या यादीने, आईच्या यादीने आणि सासऱ्यांच्या चीजने. वाघोलीवालीने त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण डच बाई बसची पाळी संपवून गणवेशातच विमानतळावर गेली आणि सँडलचा जोड त्याच्या हातात देऊन आली. खोकं मावेना, म्हणून नुसता जोड त्याने लॅपटॉपच्या बॅगेत घातला. सुरक्षा तपासणीत त्याला विचारलं म्हणे, या कुणाच्या. तो म्हणाला, "मैत्रिणीच्या मैत्रिणीच्या मुलीच्या." त्याला जाऊ दिलं, पण तपासणाऱ्याने सँडल दोनदा उचलून बघितल्या.

कार्यक्रम शनिवारी. जोड गुरुवारी दुपारी घरी आला. लेक कॉलेजात होती, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. पिशवीत हात घातला आणि आधी हाताला टाच लागली. उंच, तीन इंची टाच. रंग डाळिंबी. मी दोन्ही सँडल टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले. मनात आलं, झाली गडबड, दुसऱ्याच कुणाच्या तरी आल्या. इतक्या लांबून, इतक्या खटपटीने, आणि चुकीच्या.

लेक आली. मी म्हटलं, "बदलून आल्यात गं. आता काय करायचं?"

तिने चप्पल काढली, बसली, डाळिंबी सँडलमध्ये पाय घातला. पट्टा लावला. टाच टाचेच्या जागी, बोटं बोटांच्या जागी. "नाही बदलल्या," ती म्हणाली.

"अगं, सहा फूट आहेस तू."

"माहितीये."

"यात आणखी तीन इंच."

"हो."

"सपाट नव्हत्या का त्यांच्याकडे?"

"चार प्रकारच्या होत्या." ती दुसरा पट्टा लावत होती. "सपाट घातल्या तरी मी सहा फूटच राहते, आई. मग म्हटलं छानच घ्याव्यात."

ती उभी राहिली. मला वर बघावं लागलं. घरात मला कुणाकडे वर बघायची सवय नाही, मान अवघडली. माझ्या जिभेवर अजून चार वाक्यं होती: लोक काय म्हणतील, पाय मुरगळेल, प्रमुख पाहुणे बुटके असतील, साडी कमी पडेल. मी तोंड मिटून घेतलं. सैल होण्याविषयी एकदा बोलून झालं होतं, तेवढं एका जन्माला पुष्कळ.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा सरांना हो कळवून ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचा सराव करत होती. तो दारात थांबला, तिला नीट बघितलं, आत जाऊन कारखान्यातली पोलादी टेप घेऊन आला आणि दाराची चौकट मोजली. "सहा सहा," तो म्हणाला. "तीन इंच शिल्लक राहतात. चालेल." मग हातपाय धुवायला गेला आणि मोरीत बराच वेळ उगाच पाणी वाजवत राहिला.

शनिवारी हॉल भरला होता. आम्ही पाचव्या रांगेत बसलो. पडदा बाजूला झाला आणि डाळिंबी काठाच्या साडीत माझी लेक आत आली. साडी मुद्दाम दोन बोटं वर नेसलेली, सँडल पूर्ण दिसतील अशी. ती माइकपाशी पोहोचली तेव्हा माइक तिच्या पोटाशी होता. एक विद्यार्थी धावत आला, माइक वर केला, पुरेना, पुन्हा वर केला, दांडी संपली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. हसू पिकलं. मी नवऱ्याचा हात धरला. लेक हसू संपेपर्यंत थांबली. मग माइक दांडीवरून काढून हातात घेतला आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "उशिरा आलेल्यांनाही आता कळलं असेल की मी कुठे उभी आहे. सुरुवात करूया."

हॉल हसला, पण आता तो तिच्या बाजूने हसत होता. ती ताठ उभी होती. मी आयुष्यात तिला इतकं ताठ बघितलं नव्हतं, आणि तिला बघता बघता मी स्वतः खुर्चीत कधी सरळ झाले मला कळलं नाही.

मागून खांद्यावर कुणाची तरी बोटं टेकली. एक बाई पुढे झुकून म्हणाल्या, "अहो, जरा खाली सरकून बसता का? तुमच्यामुळे स्टेजवरचं काही दिसत नाहीये."

मी सरकले नाही. "सूत्रसंचालन करणारी माझी मुलगी आहे," मी म्हटलं. "सव्वासहा फूट आहे. दिसेल तुम्हाला."